पहिली पाटी तळ्याची

१७ एप्रिल, गुरुवार

आले बाई एकदाची सारसखेड्याला! जळगावहून पारोळ्यापर्यंत एसटी, तिथून काळीपिवळी, आणि फाट्यापासून प्रेमराज नानांच्या फटफटीवर मागे बसून. मांडीवर दुर्बीण, पाठीवर बोचकं. त्रेचाळीस वर्षांची बाई अशी आलेली पाहून पारावरची मंडळी बोलायची थांबली. बघा म्हटलं, पोटभर बघा. सहा आठवडे इथंच आहे मी.

नाना गावातले मोठे बागायतदार. बायको गेली, मुलं पुण्याला, आणि मागल्या वर्षी बांधलेला एवढा थोरला बंगला रिकामाच. त्यातली पुढची खोली मला दिली. पांढरी चकचकीत फरशी, कूलर, लिहायला टेबल, आणि खिडकीसमोर तळं! वीस वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं, पण खिडकीतून पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या दिसाव्यात असं नशीब कुठलं. भाकरी शेजारच्या तानुबाई देणार आहेत. आज कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दोन खाल्ल्या.

कामाचं लिहून ठेवते. तळ्यातले पक्षी मोजायचे, वनस्पती नोंदवायच्या, आणि शेवटी सरकारी नमुन्यात लिहायचं की ही जागा पाणथळ आहे की नाही. पाणथळ ठरली तर तिला हात लावता येत नाही. नाही ठरली तर तळं बुजवून गोदामं उभी राहणार, तसा प्रस्ताव गेलेला आहे. नमुन्यावर सही माझी. मला नेमणाऱ्या जळगावच्या संस्थेतल्या भूपेंद्रनं ती रुजू होतानाच घेऊन ठेवली, कोऱ्या नमुन्यावर. दिपमा मॅडम, सहीसाठी पुन्हा हेलपाटा कशाला, सगळेच असं करतात, म्हणाला. एसटी सुटत होती. केली सही.

१९ एप्रिल, शनिवार

उजाडता उजाडता बांधावर गेले ती दहापर्यंत हललेच नाही. हळदी-कुंकू बदकं चौतीस. जांभळ्या पाणकोंबड्या एकोणीस, लव्हाळ्यात शेपट्या झटकत नळावरच्या बायकांसारख्या भांडत होत्या. कमळपक्षी अकरा. हे पक्षी लांब बोटं पसरून कमळाच्या पानांवरून असे चालतात की पान लवतं, पण बुडत नाही. शिवाय शेकाटे, उघडचोच, खंड्या, टिटव्या. आजूबाजूच्या विहिरी कोरड्याठाक, अंगाची लाही होते आहे, आणि मध्येच हे एवढं जितंजागतं तळं. पाणथळ नाही म्हणे! कुणी म्हणून तर दाखवा.

नोंदी सगळ्या पेन्सिलनं. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल टिकते. पोरांना हे ओरडून ओरडून सांगायचे.

उत्तरेच्या अंगाला पाणी आटलंय, तिथं पोकलेन गाळ उपसतं आहे. डंपरमागून डंपर. शेतात टाकतात, घराच्या जोत्यात भरतात, कुणाला कशाची पर्वा नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका डंपरनं टिटवीची चार अंडी चिरडली. ड्रायव्हर समाधान म्हणजे तानुबाईंचाच मुलगा निघाला. त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं नानांकडे बोट दाखवलं, कारण यंत्र नानांचं. नाना हसून म्हणाले, टिटवी काय, पुन्हा घालील. तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्याच छपराखाली राहते, म्हणून गिळलं.

२४ एप्रिल, गुरुवार

तानुबाई रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन तळ्याकडे जातात, रिकामी पाटी घेऊन येतात, पुन्हा भरून नेतात. आज न राहवून विचारलं.

इथं एक जुनी रीत होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लोक खत म्हणून तळ्यातला गाळ वावरात नेत. पण आधी आपल्या वावरातली पाटीभर माती आणून तळ्यात टाकायची, मगच गाळाला फावडं लावायचं. पहिली पाटी तळ्याची. बैलगाड्या होत्या तोवर हे चाललं. डंपर आले आणि कोण कुठली पाटी न् काय. तानुबाईंनी मात्र जन्मात कधी रीत मोडली नव्हती. यंदा समाधाननं आईला न विचारता दहा डंपर गाळ त्यांच्या वावरात ओतला. तेव्हापासून ही पासष्ट वर्षांची बाई रोज वीस पाट्या माती उलट नेऊन टाकते आहे.

मला संतापच आला. अहो, ऊन कसलं, वय काय तुमचं, चक्कर येऊन पडाल, असं बरंच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तळं फुकट नही देस, माय. बठ्ठं परत लेस." फुकट देत नाही, सगळं परत घेतं. मग पदर खोचून पाटी उचलून चालू लागल्या. राग त्यांच्यावर काढला, पण खरा राग समाधानवर होता.

दुपारी मी गाळाचे नऊ ट्रे भरून खोलीत आणले. गाळात वर्षानुवर्षं बी झोपून असतं, ओल मिळाली की उगवतं, त्यावरून तळ्यात काय काय होतं ते कळतं. तानुबाईंनी दारातून पाहिलं आणि विचारलं, मी तळ्यात काय टाकलं. मी हसले. म्हटलं, मला कुठं वावर आहे?

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

गावात माहेरवाशिणी आल्यात, निंबाच्या झाडाला झोके बांधलेत, तानुबाईंनी खापरावरची पुरणपोळी आणि वाटी वाटी आमरस खाऊ घातला. किती दिवसांनी इतकी हसले. आणि मग भूपेंद्रचा फोन.

अहवाल गेला म्हणाला. कुठला अहवाल? सारसखेड्याचा. माझी मोजणी अजून चालू आहे आणि अहवाल गेला! कोऱ्या नमुन्यात त्यानंच भरलं: पाणपक्षी शून्य, पाणवनस्पती शून्य, जागा पाणथळ नाही. खाली माझी सही. वर मलाच समजावतो, मॅडम, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका, गाव तुमचं थोडंच आहे.

हरामखोर! शून्य? एकोणीस पाणकोंबड्या शून्य? फोनवर इतकी ओरडले की झोक्यावरच्या पोरी थांबून बघायला लागल्या. आणि सगळ्यांत जास्त चीड कुणाची येते सांगू? माझी. वर्गात तोंड वर करून सांगायचे, न वाचता सही करू नका. आणि मी न लिहिलेल्यावर सही केली. नाना बाहेर झोपाळ्यावर बसून पुरणपोळी खात होते. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, तोंडावरून कळलं.

२ मे, शुक्रवार

दुपारी दीड. बाहेर चिटपाखरू नाही, गाव दारं लावून पडलेलं. बैठकीत पाणी प्यायला गेले, तर फरशीवर कमळपक्षी.

घरात शिरला असेल म्हणून हुसकायला गेले. तो शांतपणे चालत होता, लांब बोटं पसरून, एकेक पाऊल जपून. आणि त्याच्या पायाखाली फरशी लवत होती. पाऊल उचललं की पुन्हा वर येत होती. मी स्वतः पाहिलं. ऊन लागलं म्हणून डोक्यावर पाणी ओतलं, परत आले, तरी तो तिथंच. नाना आतून ओरडत आले आणि तुम्ही खिडकी उघडी का ठेवता म्हणून मलाच बोलले. त्यांनी चप्पल फेकली. पक्षी उडाला नाही. चालत चालत भिंतीपाशी गेला आणि मग नव्हता.

चार वाजता फरशी कोरडी होती. बोटांचे ठसे तेवढे राहिले होते, चिखलाचे.

५ मे, सोमवार

फरशीच्या सांध्यांतून पाणकणीस उगवलंय. बैठकीत, जिन्याखाली, देवघरात. सकाळी उपटलं की दुपारी वीतभर. नानांनी गवंडी आणला, तो म्हणाला पाइप फुटलाय. कसला डोंबलाचा पाइप! बोअर तीन आठवडे बंद आहे, टँकरचं पाणी पितोय आम्ही. जोतं जमिनीपासून पाच फूट वर आणि तळं त्याच्या किती तरी खाली.

जोत्यात काय भरलंय ते समाधाननं सांगितलं. दोनशे डंपर गाळ, तळ्यातला. पाटी एकही दिलेली नाही. तानुबाई नानांना सांगायला आल्या की अजून वेळ गेली नाही, आजपासून माती टाकायला लागा. नानांनी त्यांना वेडी म्हातारी म्हणून हाकललं आणि तणनाशकाचा पंप घेऊन घरभर फवारत सुटले. म्हणाले, उद्या अर्धं तळं बुजवून टाकतो, मग बघू काय परत घेतं ते.

मीही गप्प बसले नाही. तुमच्यासारख्यांमुळेच हे झालं, असं तोंडावर सांगितलं. आज रात्रीपुरतं राहते, उद्या जागा बघते.

७ मे, बुधवार

जागा बघायला उशीर केला मी.

दुपारी एक. नाना बैठकीत खाटेवर पडले होते. मी खोलीत सामान बांधत होते. ओरडणं ऐकू आलं, एकदाच, मग गुळगुळ असा आवाज. धावत गेले.

खाट रिकामी. खाटेचे चारही पाय फरशीत वीतभर रुतलेले. फरशीला चीर नाही. पांढरी, कोरडी, चकचकीत.

खाली बसून फरशीला हात लावला. गार होती. आतून कुणीतरी एकदा ठोठावलं.

पोलीस आले, पंचनामा झाला. कुठंतरी गेले असतील म्हणाले. चपला खाटेखाली, फटफटी दारात, आणि गेले असतील! खाटेच्या पायांकडे कुणी वाकून बघेना. मी हात धरून दाखवलं तर हवालदार म्हणाला, मॅडम, फरशी अशीच बसवली असेल. माझं डोकं फिरलं.

८ मे, गुरुवार

तानुबाईंकडे आले. मातीचं साधं घर, शेणानं सारवलेलं, तळ्याचा कणही नाही.

दुपारी एकला माझ्या खाटेखाली पाणी आलं. घोट्याइतकं. फक्त माझ्या. हातभर अंतरावर तानुबाईंची खाट कोरडी. पाण्यात टिबुकलीनं बुडी मारली, वर आली, माझ्याकडे बघितलं. चार वाजता सगळं ओसरलं.

म्हणजे ते घर नव्हतंच. मी आहे.

९ मे, शुक्रवार

ऋतिकाचा फोन. ती भूपेंद्रच्या ऑफिसात टाइप करते. भूपेंद्र परवा दुपारपासून सापडत नाही. गाडी खाली, फोन टेबलावर, डबा उघडा. तिसरा मजला, आणि खुर्चीभोवती शेवाळ. ती रडत होती, मला विचारत होती की मॅडम, शेवाळ कसं येईल हो इथं.

नमुना त्यानं भरला होता. सही माझी.

पाणी पोटऱ्यांपर्यंत.

१० मे, शनिवार

पारोळ्याला जाऊन बघितलं, पळून. एसटीत सीटखाली पाणी. लोक पाय वर घेऊन कंडक्टरला शिव्या देत होते. उतरले तिथंच, परत आले. कुठं जाऊ? पुण्याला जाऊ, दिल्लीला जाऊ, बाराच्या पुढं ते येणार.

नऊही ट्रे तळ्यात उलटे केले. वर तानुबाईंच्या वावरातल्या नऊ पाट्या टाकल्या. मान मोडली, हाताला फोड आले. वाटलं, सुटले.

दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत.

तानुबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आखो काय लिधं तू?" आणखी काय घेतलंस.

नऊ ट्रे म्हणणार, तेवढ्यात उमगलं. नऊ ट्रे नाही, बाई. मी अख्खं तळं घेतलं. एका सहीनं. त्याला पाट्या किती लागतील? सात जन्म पुरायचे नाहीत.

११ मे, रविवार

जिल्ह्याच्या कचेरीतल्या ओळखीच्या एका कारकुनाला घरी फोन केला. तळ्याचा निकाल लावणारी बैठक मंगळवारी सकाळी. पहिला अहवाल खोटा आहे म्हणायचं तर त्याच माणसानं स्वहस्ते लिहून द्यायला हवं, ताज्या मोजणीसह, तारीख आणि सही घालून. सही नसेल तर कागद रद्दी, मॅडम.

मोजणीची वही लगदा झालीय. ही रोजनिशी तेवढी राहिली, रेक्झिनची आहे आणि मी डोक्याशी घेऊन निजते. यातच लिहीन. उद्या उजाडल्यापासून पुन्हा मोजायचं, मग लिहायचं. संध्याकाळी समाधान आणि तानुबाई वही घेऊन जळगावला जाणार. समाधान आज माझ्याकडे बघू शकत नव्हता. त्यानं कालपासून डंपर उभा करून टाकलाय, आईच्या मागून पाट्या वाहतो.

पाणी कमरेपर्यंत.

तळ्या, तुझ्यावरही राग आहे माझा. गोदामवाल्याचा पाय कोरडा आहे. त्याच्याकडे जा ना. त्याच्या घरी जा!

१२ मे, सोमवार

साडेपाच ते साडेअकरा मोजले. एकही चुकवला नाही. पोकलेन बंद, त्यामुळे उत्तरेलाही पक्षी आलेत. टिटवीनं पुन्हा अंडी घातलीत. नाना म्हणाले होते तसं. रडले.

११.५०. तानुबाईंच्या घरी बसून लिहितेय. ते दोघं माझ्या नावानं पाट्या टाकायला गेलेत. वही घ्यायला चारला येतील.

जमीन मऊ झालीय—

आधी सही करून ठेवू का? वरचं नंतर भरता येईल. सही झाली म्हणजे निदान—

नाही. मेले तरी नाही. कोऱ्यावर सही एकदा केली. आधी लिहीन.

१२.२०. माझ्या सहीनं आधी गेलेला अहवाल मी लिहिलेला नाही. तो खोटा आहे. कोऱ्या नमुन्यावर सही करणं हा माझा गुन्हा, तो मी कबूल करते.

सारसखेडे तळं. आजची मोजणी. हळदी-कुंकू बदक एक्केचाळीस. जांभळी पाणकोंबडी बावीस. कमळपक्षी चौदा. टिबुकली सतरा, नऊ पिल्लं—

गुडघे गेले. गार.

शेकाट्या तेवीस. उघडचोच आठ. खंड्या तीन. राखी बगळा सहा. टिटवी दहा, घरटी दोन, अंडी आठ. आठ, शून्य नाही. ऐकलंत? आठ.

कमळ, लव्हाळा, पाणकणीस, शेवाळ. पाणी मे महिन्यात—

१२.५०. छातीपर्यंत. वही वर धरलीय. अक्षर लागत नसेल तर नीट बघा, पेन्सिल आहे, पुसायची नाही. खालून कुणीतरी पाय धरलाय. नानाच असतील. सोडा हो नाना, एवढं एक वाक्य—

ही जागा पाणथळ आहे. होती आणि आहे. वरचं सगळं मी डोळ्यांनी बघून, स्वतःच्या हातानं, शुद्धीवर असताना लिहिलं, आणि लिहून झाल्यावर खाली सही करते आहे.

१२ मे

दिपमा